बातमीदाराचा प्रश्न आणि कामगाराचे उत्तर



नारायणराव पेशव्यांच्या खुनाची कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्या कोवळ्या वयाच्या पेशव्याला ठार केले. लोक सांगतात की, राघोबादादांनी ‘धरावे’ असे लिहून दिले होते आणि आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ केला. असे खरोखर झाले की नाही, हा वाद इतिहाससंशोधकांनी सोडवावा. आम्हांला कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. अडीचशे वर्षे लोटली तरी ही कथा लोकांच्या जिभेवर टिकून राहिली, ती का? आपला शब्द दुसऱ्याच्या हाती गेला की त्याचे पुढे काय होईल हे सांगता येत नाही, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असते म्हणून. वर्तमानपत्राच्या बातमीदारापुढे बसणाऱ्या माणसाच्या पोटात जो गोळा उठतो, तो याच धास्तीचा.

आम्ही पवईचे. आमचे शिक्षण म्हणाल तर ते साकीविहार रस्त्यावरच्या कारखान्यात पाळ्या करता करता आणि सुटीच्या दिवशी वाचनालयाच्या बाकावर बसून झाले. पुढे कामगार संघटनेचे काम अंगावर आले, त्याला आता तीस वर्षे होत आली. या काळात संप पाहिले, टाळेबंद्या पाहिल्या आणि त्यांच्या मागोमाग येणारे बातमीदारही पाहिले. आज मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना मुलाखत कशी द्यावी याचे रीतसर धडे देतात; त्यासाठी फी मोजून शिक्षक बोलावतात. कामगाराला अशी शाळा नाही. त्याची शाळा म्हणजे त्याचा इतिहास. म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला: मुंबईच्या कामगारांनी आजवर जगाच्या प्रश्नांना उत्तरे कशी दिली, ती कोठे फळली, कोठे फसली आणि त्यांतून आपण काय उचलावे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा प्रवास सोपा होईल. मुलाखतीतले उत्तर ज्यांच्या वतीने दिले जाते, त्यांच्यात बसून ते आधी ठरले असेल, तर त्याचा ‘ध’चा ‘मा’ करणे कोणालाही सहसा जमत नाही. ते एकट्याच्या मनात तयार झाले असेल, तर बोलणारा कितीही फर्डा वक्ता असो, शेवटी भांडण त्याच्या नावाचे होते आणि मूळ गाऱ्हाणे बाजूला पडते.

‘मुलाखत’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ नुसता ‘भेट’ असा आहे. कामगाराची या शब्दाशी गाठ तीन ठिकाणी पडते. नोकरी मागायला जातो तेव्हा साहेब त्याची मुलाखत घेतो. संपात पकडलेल्या सोबत्याला भेटायला तुरुंगात जातो, तिथेही मुलाखतीची चिठ्ठी लागते. आणि तिसरी मुलाखत वर्तमानपत्राची. तिन्ही ठिकाणी दार दुसऱ्याच्या ताब्यात असते, वेळ दुसरा ठरवतो आणि प्रश्नही दुसराच विचारतो. कामगाराच्या हाती राहते ते फक्त उत्तर. तेव्हा ते तरी आपले असावे, एवढीच आमची खटपट.

वर्तमानपत्री मुलाखत ही तशी फार जुनी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या पत्रांनी ती रूढ केली. इंग्लंडात विल्यम स्टेड या संपादकाने ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये जानेवारी १८८४ मध्ये जनरल गॉर्डनची मुलाखत छापली आणि तिने तिथले राजकारण ढवळून निघाले. आपल्याकडे त्या काळी सामान्य माणसाला प्रश्न विचारीत ती वर्तमानपत्रे नव्हेत. विचारीत ती सरकारी कमिशने. कमिशनपुढची साक्ष हीच आपल्या श्रमिकांची पहिली मुलाखत. म्हणून तिथूनच आरंभ करू.

१८८२ साली हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण कमिशन बसले. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन दिले. खाली स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे सभासद अशी करून दिली. त्या निवेदनाचा आरंभ प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपला शिक्षणविषयक अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हे जोतीरावांनी प्रथम सांगितले. मग आपण कोणत्या शाळा काढल्या, कोठे शिकवले, हे सांगितले. मग मूळ मुद्दा मांडला: सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, तेव्हा प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा.

यातले मर्म पाहा. ज्याने स्वतःच्या ज्ञानाची हद्द आपण होऊन आखली, त्याला हद्दीबाहेर खेचून उघडे पाडण्याची सोयच राहिली नाही. आणि हद्दीच्या आत त्याच्याएवढे जाणणारा कमिशनात कोणी नव्हता. आजचा पुढारी नेमका उलटे करतो. कारखान्याच्या बोनसबद्दल विचारले तर देशाच्या अर्थकारणावर बोलू लागतो आणि तिथे एक आकडा चुकला की बोनसचा खरा आकडाही खोटा ठरतो.

जोतीरावांच्या सत्यशोधक परंपरेतलाच एक तरुण मुंबईत गिरणीच्या भांडारात नोकरीला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे त्याचे नाव. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे पत्र लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणून चालवायला घेतले. दुसऱ्याच्या पत्रात आपले गाऱ्हाणे येईल याची वाट पाहत बसण्यापेक्षा स्वतःचे पत्र चालवावे, ही त्यांची पहिली हुशारी.

दुसरी हुशारी १८८४ सालची. कारखान्यांच्या कायद्याचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने त्या वर्षी कमिशन नेमले. लोखंडे एकटे साक्षीला गेले असते तर एका भांडारपालाचे म्हणणे, एवढीच त्याची किंमत झाली असती. त्यांनी सप्टेंबर महिन्यात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, मागण्या सभेत ठरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या मोजून पाच होत्या. आठवड्याला रविवारची सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार व कायमचा पांगळा झाल्यास त्याच्या पोटापाण्याची तजवीज. हाताच्या पाच बोटांवर मोजता येतील अशा या गोष्टी. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तोही त्या पाठ म्हणू शकत होता. बातमीदाराने, कमिशनरने वा मुकादमाने परळपासून कुर्ल्यापर्यंत कोणालाही विचारले असते तरी उत्तर एकच आले असते. आमच्या मते यापेक्षा पक्की मुलाखत असूच शकत नाही.

लोखंड्यांपुढचा कठीण प्रश्न मात्र वेगळाच होता. भारतात कारखान्यांना कायद्याचा लगाम घाला, अशी ओरड त्या काळी मँचेस्टरचे कापड-गिरणीवालेही करीत होते. मुंबईचे कापड महाग व्हावे हा त्यांचा हेतू. त्यामुळे आपल्याकडच्या राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांचा कारखाना-कायद्याला विरोध होता आणि जो कोणी सुटी मागेल तो मँचेस्टरचा हस्तक, असा वास त्याच्या अंगाला लावता येत होता. ‘तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून बोलता?’ हा प्रश्न आजही प्रत्येक संपात विचारला जातो. त्याचे वय हे असे शंभर-सव्वाशे वर्षांहून जास्त आहे. लोखंड्यांनी त्याला दिलेले उत्तर म्हणजे ती सह्यांची चळत आणि त्यानंतरची माणसांची गर्दी. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि दोन स्त्री-कामगार त्या सभेत उठून बोलल्या. मँचेस्टरच्या शेठजींनी या बायांना बोलायला शिकवले, असे म्हणण्याची छाती कोणाला होणार? त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या गोष्टी आल्या. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून तो मागितला, असेही एक कारण लोखंड्यांच्या नावावर सांगितले जाते. ते कारण कामगाराला सांगण्याचे. कमिशनपुढे माणसाच्या शरीराला लागणाऱ्या विसाव्याचे. ऐकणारा ओळखून बोलणे यात लबाडी नाही, मागणी तीच राहिली म्हणजे झाले.

आता चाळीस वर्षे ओलांडून १९२८ मध्ये येऊ. एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळजवळ सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. दीड लाखाच्या घरात कामगार संपावर होते. तंटा साधा नव्हता. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी नवी पद्धत मालक आणू पाहत होते आणि दरांच्या फेरफारात मजुरी घटत होती. ही गोष्ट गिरणीबाहेरच्या माणसाला समजावून सांगणे महाकठीण. शिवाय पुढाऱ्यांत एकवाक्यता नव्हती. ना. म. जोशी हे नेमस्त वळणाचे, कॉम्रेड डांगे आणि त्यांचे सोबती कम्युनिस्ट. एकाने एक सांगावे, दुसऱ्याने दुसरे, आणि वर्तमानपत्रांनी दोघांची झुंज लावून मजा पाहावी, अशी संधी आयती चालून आली होती.

ती संधी हुकली, कारण दोन्ही बाजूंनी मिळून संयुक्त संप समिती केली आणि सतरा मागण्यांची एकच यादी काढली. जोशी बोलोत की डांगे, यादी तीच. संप मिटला तो सर फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमून. समितीपुढे कामगारांच्या प्रतिनिधींना माग, चात्या, सुताचे नंबर, तुकड्याचे दर या साऱ्यांवर महिनोन्‌महिने उत्तरे द्यावी लागली. अशा प्रश्नांची उत्तरे सभेच्या भाषणातून मिळत नाहीत. ती खात्यात उभ्या असलेल्या विणकराला ठाऊक असतात आणि त्याच्याकडून ती पुढाऱ्याने शिकून घ्यावी लागतात. समितीने मार्च १९२९ मध्ये निवाडा दिला. काही मागण्या रास्त ठरवल्या, काही ठरवल्या नाहीत. परंतु गिरणी कामगाराला आपल्या धंद्याचे हिशेब कळतात आणि तो ते मांडू शकतो, ही गोष्ट तेव्हापासून सरकारदप्तरी नोंदली गेली.

त्याच महिन्यात, २० मार्च १९२९ रोजी, डांगे आणि इतर पुढारी मीरतच्या खटल्यात पकडले गेले. तिथे त्यांनी आरोपीचा जबाब हेच व्यासपीठ केले आणि न्यायालयात केलेली निवेदने देशोदेशी पोहोचली. उलट त्याच वर्षी व्हिटले कमिशन आले तेव्हा त्याच्याशी बोलावे की बोलू नये यावरून नागपूरच्या अधिवेशनात आयटक दुभंगली. बहिष्काराचा ठराव झाला आणि जोशींचा गट बाहेर पडला. कोणाचे बरोबर, हे आज आम्ही ठरवू इच्छीत नाही. एवढेच सांगतो की ‘आम्ही उत्तर देणार नाही’ हेही एक उत्तरच असते, आणि तेही सर्वांनी मिळून ठरवले नाही तर घर फुटते.

आता आमच्या गावाजवळची गोष्ट. पवई म्हटले की आजच्या माणसाला तलाव, आयआयटी आणि उंच इमारती आठवतात. आम्हांला आठवतो तो विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडूप, साकीनाका आणि कुर्ला यांच्या मधला कारखान्यांचा पट्टा. या पट्ट्यात घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉक्टर दत्ता सामंत खाणमजुरांची दुखणी पाहता पाहता त्यांचे पुढारी झाले. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून चिडलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे आले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा तो प्रचंड संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीरच झाले नाही.

या संपाच्या मागण्या पुष्कळ अंशी लोखंड्यांच्या मागण्यांइतक्याच सरळ होत्या. पगारवाढ हवी होती. वर्षानुवर्षे बदलीवर राबणाऱ्यांना कायम करायला हवे होते. आणि मुंबई औद्योगिक संबंधांचा १९४६ चा कायदा, ज्याच्या जोरावर राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच एक मान्यताप्राप्त संघटना होती, तो रद्द व्हायला हवा होता. कामगाराला आपला प्रतिनिधी आपण निवडता यावा, ही त्यातली गाभ्याची गोष्ट. परंतु त्या काळातली जुनी वर्तमानपत्रे आम्ही वाचनालयात बसून चाळली आहेत. तिथे मथळ्यामागून मथळा आढळतो तो एकाच नावाचा. सामंत काय म्हणाले, सामंत भेटले की नाही, सामंत नमते घेणार काय. बदली कामगार म्हणजे कोण, त्याला महिन्यातून किती दिवस काम मिळते, हे समजावून सांगणारा मजकूर शोधावा लागतो. त्या दीड वर्षाला आजही लोक ‘दत्ता सामंतांचा संप’ म्हणतात. १८९० च्या चळवळीला कोणी ‘लोखंड्यांची सुटी’ म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

डॉक्टर रोखठोक बोलत. कंपनीचा ताळेबंद बघत बसत नाही, मजुराला जगायला काय लागते ते बघतो, हे त्यांचे धोरण सर्वश्रुत होते. गेटसभेत हे वाक्य ऐकून कामगाराचे ऊर भरून येई, कारण कारखान्याच्या ताळेबंदात आपली उपासमार कधी लिहिली जात नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. तेच वाक्य छापून मध्यमवर्गीयाच्या चहाच्या टेबलावर गेले की, ‘या माणसाला हिशेबच मान्य नाही’ असा त्याचा अर्थ होई. अक्षर एकही बदलले नाही, तरी ‘ध’चा ‘मा’ झाला. गेटवरचे भाषण आणि वर्तमानपत्राची मुलाखत यांत हा फरक आहे: गेटवर ऐकणाऱ्याला मागचा-पुढचा संदर्भ अंगावरच्या वळांनी ठाऊक असतो, वाचकाला तो शब्दांतून द्यावा लागतो.

संप वर्तमानपत्रांमुळे बुडाला, असे मात्र कोणी समजू नये. सरकारचा हट्ट, मालकांची थांबण्याची ताकद, भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागांवर गेलेले काम ही कारणे कोणत्याही मुलाखतीपेक्षा बलवत्तर होती. आमचा मुद्दा लहान आहे पण खरा आहे. अडीच लाख माणसांचे भांडण एका माणसाच्या तोंडी राहिले, तेव्हा विरोधकांना अडीच लाखांना उत्तर देण्याची गरज उरली नाही. एकाला नावे ठेवली की भागले. आणि कामगारांनी त्या माणसावर टाकलेल्या विश्वासाची खोलीही तितकीच खरी. १९८४ साली साऱ्या देशात काँग्रेसची लाट असताना याच मुंबईने डॉक्टरांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. १६ जानेवारी १९९७ रोजी, संपाला पंधरा वर्षे पुरी व्हायला दोन दिवस असताना, पवईतच, त्यांच्या घराजवळच्या रस्त्यावर मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. ज्या चळवळीचा आवाज एकाच कंठातून निघतो, तिचा आवाज बंद करायला एकच माणूस मारावा लागतो. पवईकरांना हे निराळे सांगायला नको.

संपानंतर गिरणगाव मुके होईल असे पुष्कळांना वाटले. तसे झाले नाही. मॉडर्न मिलमधले कामगार दत्ता इस्वलकर यांच्यासारख्या माणसांनी १९८९ च्या सुमारास बंद गिरण्यांच्या कामगारांना एकत्र केले. इस्वलकर मृदू बोलत. आरडाओरडा त्यांच्या स्वभावात नव्हता. पण त्यांच्या संघटनेजवळ एक आकडा होता: एक तृतीयांश. गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीबाबत १९९१ च्या विकास नियमावलीत तीन हिश्शांची तरतूद होती. एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकाचा. २००१ मध्ये नियम असा बदलला की हे हिस्से फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचेच पाडायचे, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ मान्य केला. कायद्याची लढाई कामगार हरले. तरी ‘तिसरा हिस्सा’ ही गोष्ट भाजीवालीपासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना समजली होती, म्हणून घरांचा प्रश्न दडपता आला नाही. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. सर्वांना घरे मिळालेली नाहीत. पण मागणी कोणाची आणि कशाची, हे विचारण्याची पाळी बातमीदारावर येत नाही.

याच काळात नीरा आडारकर आणि मीना मेनन या दोघींनी गिरणगावातल्या स्त्री-पुरुषांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदून घेतल्या आणि २००४ साली त्यांचे पुस्तक निघाले. विणकर, शाहीर, खाणावळवाल्या बाया, कार्यकर्ते असे शंभरांच्या आसपास लोक त्यात बोलतात. विचारणारा ऐकून घेणारा असेल तर साधा माणूस किती नेटके बोलतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ते पुस्तक जरूर वाचावे.

या इतिहासातून आम्ही पवईच्या कामगारांनी जी रीत घेतली, ती आता सांगतो.

बातमीदार यायचा असला की आदल्या संध्याकाळी गेटवर बैठक होते. तीन गोष्टी ठरतात: आमची मागणी एका वाक्यात काय, तिच्या पुष्टीला एक आकडा कोणता, आणि तो आकडा ज्याच्या घरात घडला तो माणूस कोण. मग एक जण बातमीदार होतो आणि बाकीच्यांना वाईटात वाईट प्रश्न विचारतो. यात हसणे-खिदळणे होते, पण दुसऱ्या दिवशी कोणी दचकत नाही. माहीत नसेल ते ‘माहीत नाही, उद्या सांगतो’ असे सांगायचे आणि खरोखर उद्या सांगायचे. ही जोतीरावांची शिकवण. बोलून झाल्यावर ‘हे छापू नका’ म्हणण्यात अर्थ नसतो; छापायचे नसेल ते बोलायचेच नाही. दूरचित्रवाणीवाला अर्धा तास बोलवून घेतो आणि अर्धा मिनीट दाखवतो, म्हणून मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात यावी. छापून आलेले चूक असेल तर त्याच दिवशी शांत शब्दांत खुलासा पाठवायचा. आणि जे छापले ते संध्याकाळी गेटवर सर्वांना वाचून दाखवायचे, कारण शब्द त्यांचे आहेत.

विचारणाऱ्याचा शब्द उचलू नये, हे सर्वांत अवघड. साकीविहार रस्त्यावरच्या एका कारखान्यात टाळेबंदी होती. एक तरुण बातमीदार माईक घेऊन आला आणि पॅकिंग खात्यातल्या एका बाईंना म्हणाला, “मावशी, तुमची माणसं हिंसा कधी थांबवणार?” ‘थांबवू’ म्हटले तर हिंसा कबूल, ‘नाही’ म्हटले तर त्याहून वाईट. बाई म्हणाल्या, “बाळा, आम्ही एकोणीस दिवस इथं बसलोय. आत जाऊन बघ, एक तरी काच फुटलीय का? आणि येताना माझ्या दोन महिन्यांच्या पगाराचं काय झालं ते साहेबांना विचारून ये.” तो गेला आणि त्याने विचारले. त्या संध्याकाळी बातमी पगाराची झाली. या बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण एकोणीस आणि दोन हे आकडे बैठकीत ठरलेले होते.

बातमीदाराला शत्रू समजण्याचेही कारण नाही. तोही पगारावर राबणारा माणूस आहे. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी खास कायदा करावा लागला, तो त्यांचीही कामगार म्हणून गाऱ्हाणी होती म्हणूनच. आज पुष्कळ पत्रांत ठेकेदारीने काम चालते. त्याला चहा द्यावा, खरी कागदपत्रे दाखवावीत, आणि त्याला घाई आहे हे ओळखून त्याचे काम सोपे करावे. आपण दिले नाही तर तेच काम कंपनीचा जनसंपर्क अधिकारी करून देतो.

आमच्या पट्ट्यातले पुष्कळ कारखाने आता गेले. त्या जागी जे कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत, त्यांच्या दारावर पहारेकरी आहेत, आत झाडणाऱ्या बाया आहेत, बाहेर दुचाकीवरून डबे पोहोचवणारी मुले आहेत. यांना एक गेट नाही, एक पाळी नाही, एक मालकही धड ठाऊक नाही. यांची बैठक कोठे भरवायची, आमच्यापुढचा आजचा कठीण प्रश्न हा आहे. कारण बैठक नसली तर ठरलेले उत्तर नाही, आणि ठरलेले उत्तर नसले तर उद्या कोणी यांच्यापुढे माईक धरला तरी जो तो आपापले दुःख सांगून मोकळा होईल. मागणी कोणाचीच होणार नाही. परळच्या मैदानात साडेपाच हजार सह्या गोळा करणाऱ्या लोखंड्यांनाही गिरणी-गिरणीतून विखुरलेली माणसेच एकत्र आणायची होती. तेव्हा जमले, तर आताही जमवले पाहिजे.

श्रोत्यांमध्ये कामगार थोडे आणि वर्तमानपत्र वाचणारे बहुत, हे आम्ही जाणतो. तेव्हा तुमच्याकडे एकच मागणे आहे. उद्या सकाळी संपाची बातमी वाचाल तेव्हा तीत किती माणसे बोलली आहेत ते मोजा. साहेब बोलला, मंत्री बोलला, पुढारी बोलला आणि ज्याचा पगार अडला तो बोललाच नाही, असे आढळले, तर ती बातमी अर्धी आहे असे समजा, आणि उरलेली अर्धी मागायला संपादकाला पत्र लिहा.